ताई, हॉल डिरेक्टर की काउन्सेलर? एका इंटर्नचं प्रकरण

आधीच सांगून टाकते, हे प्रकरण शिकवायला म्हणून बेतलेलं आहे. अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरमध्ये इंटर्न मुलामुलींचं सुपरव्हिजन करताना ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात त्या यात एकत्र गुंफल्या आहेत, कुणी ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही आणि नावं तर मुद्दामच दिलेली नाहीत. इंटर्नला मी नुसतं "ट्रेनी" म्हणेन. ती मूळची साताऱ्याकडची, पुण्यात सायकॉलॉजीत एम.ए. केलेलं, आणि इथे कॉलेज काउन्सेलिंग अँड स्टुडंट अफेअर्सच्या मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाला.

प्रश्न असा. एकच मुलगी दिवसा काउन्सेलिंग सेंटरमध्ये इंटर्न आहे आणि रात्री हॉस्टेलची जबाबदार अधिकारी आहे, मग तिच्याजवळ कुणी मन मोकळं केलं तर ते गुप्त राहतं की नाही, आणि सांगणाऱ्या पोरीला हे तोंड उघडायच्या आधी कळतं की नंतर? या सगळ्या ट्रेनिंगचं मर्म मला तरी यातच दिसतं. थिअरी, टेक्निक, असेसमेंट हे सगळं याच्या मागून येतं.

कोर्सबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडून येणाऱ्या बऱ्याच जणांना हा सगळा प्रकार इथे आल्यावरच उमगतो. स्टुडंट अफेअर्स म्हणजे वर्गाबाहेरचं सगळं कॉलेज: हॉस्टेल, ओरिएंटेशन, करिअर सेंटर, शिस्तीची प्रकरणं, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी, क्लब, सगळं. १९३७ मध्ये अमेरिकन काउन्सिल ऑन एज्युकेशनने एक छोटा दस्तऐवज काढला, त्यात म्हटलं की कॉलेजने विद्यार्थ्याकडे नुसता मार्क मिळवणारा म्हणून न बघता अख्खा माणूस म्हणून बघावं, आणि या क्षेत्रातले लोक आजही तिथूनच सुरुवात करतात. काउन्सेलिंगची परंपरा मात्र वेगळी, तिथे लायसन्स आहे, बंद दार आहे, गुप्तता आहे. केकरेप नावाची संस्था १९८१ पासून काउन्सेलिंगच्या कोर्सेसना मान्यता देते, तिच्या नियमांत आधी या दोन वेगळ्या वाटा होत्या आणि २००९ च्या नियमांत त्या एकत्र केल्या. तेव्हा ४८ क्रेडिट पुरायचे, जुलै २०२० पासून किमान ६० लागतात. त्यात आधी प्रॅक्टिकम, १०० तासांचं, त्यातले ४० तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांबरोबर. मग इंटर्नशिप, ६०० तास, त्यातले २४० प्रत्यक्ष. दर आठवड्याला साधारण तासभर सुपरव्हायझरबरोबर आणि दीड तास ग्रुपमध्ये.

हे २४० तास लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहेत.

हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स असं नुसतं नाव असलेले कोर्स वेगळे, ते छोटे असतात, त्यात काउन्सेलिंगचा गाभा नसतो आणि त्यावर लायसन्स मिळत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून लोक फसतात. अर्ज करायच्या आधी कोर्स केकरेप मान्य आहे का आणि ज्या राज्यात काम करायचं तिथल्या लायसन्स बोर्डाला तो चालतो का, एवढं तरी बघाच.

आता पैशाची बाजू, कारण त्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. ट्रेनीला हाउसिंग डिपार्टमेंटमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंटशिप होती, पद ग्रॅज्युएट हॉल डिरेक्टर, म्हणजे एका हॉलची, इथल्या भाषेत हॉस्टेलच्या एका इमारतीची, अधिकारी. त्याबदल्यात ट्यूशन माफ, थोडा स्टायपेंड, आणि हॉस्टेलच्याच तळमजल्यावर राहायला छोटं अपार्टमेंट. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, तेवढं ती करत होती. इंटर्नशिपचे तास वेगळे, दोन सेमिस्टरमध्ये बसवायचे तर आठवड्याला आणखी वीसेक, आणि वर क्लासेस. म्हणजे ती जिथे काम करते तिथेच राहते, शेजारच्या खोल्यांतल्या पोरींच्या पार्ट्या बंद करते, त्यांचे नियमभंगाचे रिपोर्ट लिहिते, आणि सकाळी दहा मिनिटं चालत येऊन आमच्याकडे त्याच वयाच्या मुलांचं ऐकते. असिस्टंटशिप सोडणं हा पर्याय तिच्याकडे नव्हताच, ती गेली की फी भरायला घरून कर्ज काढावं लागणार. अशा मुली आमच्याकडे येतात आणि कोर्सवाले, हाउसिंगवाले, सेंटरवाले आम्ही सगळे त्यांच्या या तारेवरच्या कसरतीवरच आपापलं काम भागवतो, हे मला स्पष्ट लिहावंसं वाटतं.

गुरुवारची रात्र

फेब्रुवारीतला गुरुवार, रात्री साडेअकरा. ट्रेनी ड्यूटीवर, गळ्यात ड्यूटी फोन, दार नियमाप्रमाणे उघडं. त्याच हॉलमध्ये राहणारी पहिल्या वर्षाची मुलगी आली. न्यू जर्सीत वाढलेली, आईवडील मराठी, मराठी कळतं सगळं पण बोलताना अर्धं इंग्रजी. ऑगस्टमध्ये सामान घेऊन आली तेव्हा आईने ट्रेनीचं आडनाव वाचून तिथेच ओळख काढली होती, गणपतीला दोघी एकत्र आरतीला गेल्या होत्या, तेव्हापासून ती हिला ताई म्हणते.

"ताई, तू झोपली नाहीयेस ना? मला काहीतरी सांगायचंय. पण मम्मीला नाही, कुणालाच नाही."

ट्रेनीने खुर्ची पुढे ओढली, मुलगी बसली आणि एका दमात तीन वाक्यं बोलून गेली. शनिवारी रात्री, दुसऱ्या हॉलमध्ये, ओळखीच्या एका मुलाच्या खोलीत, आणि तिने नाही म्हटलं होतं.

तिथे ट्रेनीने तिला थांबवलं. काय म्हणाली ते तिने दुसऱ्या दिवशी मला लिहून दिलं, ते जसंच्या तसं देते (त्यातलं टायटल नाइन ऑफिस म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारं युनिव्हर्सिटीचं ऑफिस): "एक मिनिट थांब. मला तुझं ऐकायचंय, पण आधी एक खरं सांगते. या बिल्डिंगमध्ये मी युनिव्हर्सिटीची माणूस आहे. असं काही मला कळलं की मला टायटल नाइन ऑफिसला कळवावं लागतं. त्यानंतर काय करायचं ते तूच ठरवशील, पण मला गप्प राहता येणार नाही. जे लोक हे कुणालाच सांगणार नाहीत असे आहेत इथे, मी आत्ता तुला फोन लावून देते, हवं तर तुझ्याबरोबर बसते."

मुलगी म्हणाली, "म्हणजे तू पण त्यांच्यातलीच," आणि उठून गेली. पाचेक मिनिटांनी परत आली, तेव्हा ट्रेनी दारातच उभी होती. दोघींनी मिळून सेंटरच्या रात्रीच्या लाइनवर फोन लावला, मुलगी आतल्या खोलीत बोलली आणि ट्रेनी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून राहिली, म्हणजे ते बोलणं तिच्या कानावर पडू नये. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, तिचं तिला सुचलं. मला ते फार मोलाचं वाटतं.

ग्रुप सुपरव्हिजनमध्ये मी हे प्रकरण ठेवते तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं की रडत आलेल्या मुलीला मध्येच थांबवणं निर्दयपणा आहे, आधी ऐकून घ्यावं आणि मग सांगावं. मला हे अजिबात पटत नाही. ऐकून घेतल्यावर सांगितलं तर त्या मुलीच्या हातात काहीच राहत नाही, जे काढायचं ते काढून घेतलं आणि मग दार दाखवलं असं होतं. ज्या मुलीचं "नाही" एकदा कुणी ऐकलं नाही, तिला आपण पुन्हा अशा जागी नेऊन ठेवायचं का, जिथे निर्णय तिला न विचारता झालेला असतो? थांबवायला हवंच होतं. खरं तर तीन वाक्यं आधीच थांबवायला हवं होतं, आणि ते जमावं म्हणून काय करायचं ते पुढे लिहिलंय.

सकाळचा वाद

शुक्रवारी सकाळी सेंटर उघडायच्या आधीच ट्रेनी माझ्या दारात. रात्रभर झोपलेली नव्हती. हाउसिंगच्या नियमाप्रमाणे तिला २४ तासांत रिपोर्ट द्यायचा होता आणि द्यायची इच्छा नव्हती.

"मॅडम, ती हॉल डिरेक्टरकडे आलीच नव्हती. ती ताईकडे आली. मी इथे काम करते हे तिला माहितीये, म्हणून आली. मी तुमच्या सुपरव्हिजनखाली आहे, मग हे कॉन्फिडेन्शियल धरता नाही का येणार?"

युक्तिवाद पोकळ नाहीये, आणि नुसतं "नियम आहे" म्हणून उडवून लावायचा तर सुपरव्हायझर कशाला हवा. क्लेरी कायदा १९९० चा. १९८६ मध्ये लीहाय युनिव्हर्सिटीत जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा तिच्या हॉस्टेलच्या खोलीत खून झाला, त्यानंतर तिच्या आईवडिलांनी लढून तो आणवला. त्यात कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची माहिती कळवायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांत हॉस्टेलचे लोक येतात, आणि प्रोफेशनल काउन्सेलरला त्यातून सूट आहे. आता महत्त्वाची गोष्ट: शिक्षण खात्याच्या २०१६ च्या हँडबुकमध्ये असंही स्पष्ट केलं होतं की लायसन्स नसलेला ट्रेनी जर अशा काउन्सेलरच्या सुपरव्हिजनखाली काम करत असेल तर त्यालाही ही सूट लागू होते. ते हँडबुक २०२० मध्ये मागे घेतलं, पण मुद्दा समजून घ्यायला अजून उपयोगी आहे. म्हणजे ट्रेनीचं अर्धं बरोबर होतं. पण सूट ही त्या कामाला आहे, माणसाला कायमची चिकटलेली नाही. आमच्या सेंटरच्या खोलीत, इनटेक फॉर्म भरून, गुप्ततेच्या मर्यादा आधी समजावून सांगून बसलेल्या विद्यार्थ्यासमोर ती काउन्सेलर आहे. गुरुवारी रात्री गळ्यात ड्यूटी फोन अडकवून हॉलच्या अपार्टमेंटमध्ये बसली होती तेव्हा ती हाउसिंगची होती. आणि त्याच हँडबुकमध्ये होतं की एकाच माणसाच्या दोन भूमिका असतील आणि त्या वेगळ्या काढता येत नसतील तर तो कळवणाराच धरला जातो.

हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मग मला इथे शिकवलेल्याचा उपयोग काय?"

उपयोग होता, आणि तो पुढच्या तासाभरात दिसला. रिपोर्ट देणं टाळता येत नव्हतं, पण तो कसा द्यायचा हे आमच्या हातात होतं. मी तिला सांगितलं, आधी त्या मुलीला भेट, तिला सांग की आज दुपारी मी हे पाठवतेय, आणि लिहिलेलं तिला दाखव. हाउसिंगच्या नियमात याला आडकाठी नव्हती, आम्ही विचारून घेतलं.

पहिला मसुदा तिने मला दाखवला. पूर्ण पान भरून. "विद्यार्थिनी अत्यंत घाबरलेली, अपराधी भावना, नजर मिळवत नव्हती, झोप लागत नसल्याचे जाणवले, स्वतःला दोष देत असावी." आमच्या सेंटरच्या प्रोग्रेस नोटसाठी, म्हणजे सेशननंतर काउन्सेलर लिहितो त्या नोंदीसाठी, वाईट नव्हतं. पण हा कागद प्रोग्रेस नोट नाहीच. इथे फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, विद्यार्थ्याच्या कागदपत्रांबद्दलचा, त्यात उपचाराच्या नोंदी वेगळ्या काढल्या आहेत, त्या उपचार करणाऱ्यांपुरत्या राहतात. हाउसिंगचा रिपोर्ट त्यात बसत नाही, तो युनिव्हर्सिटीच्या साध्या रेकॉर्डमध्ये जातो, उद्या चौकशी झालीच तर समोरच्या मुलाच्या वकिलाच्या टेबलावर सुद्धा जाऊ शकतो. "स्वतःला दोष देत असावी" हे एक वाक्य तिथे त्या मुलीचं काय करेल याचा विचार करा. तेव्हा एकेक वाक्य घेऊन विचारलं: हे ती म्हणाली का, की तुला वाटलं? वाटलेलं सगळं खोडलं. शेवटी पाच ओळी उरल्या: कधी आली, काय म्हणाली, कुठली लाइन जोडून दिली, कोणते पर्याय सांगितले, आणि तिने कुणाशी संपर्क नको असं सांगितलंय का.

मुलीला दाखवल्यावर तिने त्यातही एक दुरुस्ती सांगितली. ट्रेनीने "पार्टीनंतर" असं लिहिलं होतं. मुलगी म्हणाली, मी पार्टी म्हटलंच नव्हतं, आम्ही चौघं मूव्ही बघत होतो. ट्रेनीने अंदाजाने घातलेला शब्द. तो काढला. मला विचाराल तर दोन वर्षांच्या कोर्समध्ये याहून चांगला धडा क्वचितच मिळतो: काउन्सेलिंगमध्ये आपण अर्थ लावायला शिकतो, आणि स्टुडंट अफेअर्समध्ये तो अर्थ कागदावर येऊ न देणं हेच कसब असतं. दोन्ही एकाच डोक्यात मावायला पाहिजेत.

रिपोर्ट गेल्यावर काय होतं याबद्दल विद्यार्थ्यांत भलत्याच समजुती असतात, पोलीस येतील, आईवडिलांना पत्र जाईल. टायटल नाइन हा शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धचा १९७२ चा कायदा आहे, त्याचे २०२४ चे नवे नियम जानेवारी २०२५ मध्ये केंटकीतल्या फेडरल कोर्टाने रद्द केले आणि गाडी पुन्हा २०२० च्या नियमांवर आली. त्या नियमांप्रमाणे कोऑर्डिनेटर मुलीशी संपर्क साधतो आणि तिला काय मदत हवी ते विचारतो: क्लासचं सेक्शन बदलणं, खोली बदलणं, परीक्षेची मुदत, त्या मुलाने संपर्क करू नये असा आदेश. औपचारिक तक्रार केली नाही तरी ही मदत मिळते. हे ट्रेनीला गुरुवारी रात्री नीट सांगता आलं असतं तर मुलगी कदाचित कमी घाबरली असती.

आईचा फोन

शनिवारी सकाळी न्यू जर्सीहून फोन आला, ट्रेनीच्या स्वतःच्या नंबरवर, कारण ऑगस्टमध्ये आईने तो घेऊन ठेवला होता.

"बाळा, तू आम्हाला घरच्यासारखी. ती दोन दिवस फोन उचलत नाहीये, मेसेजला नुसतं ओके ओके करते. खरं सांग मला, काय झालंय?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तसली वेळ. खोटं बोलायचं नाही, खरं सांगायचं नाही, आणि समोर आई. "सगळं ठीक आहे काकू" हे वाक्य ओठावर आलं होतं असं ट्रेनी म्हणाली. ते वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण उद्या आईला कळलं तर मुलीच्या आयुष्यातला एक विश्वासाचा माणूस कमी होतो. तिने सांगितलं ते असं:

"काकू, तुमची काळजी मला कळतेय. पण इथे काम करताना मला कुणाच्याच मुलीबद्दल फोनवर काही सांगता येत नाही, तुमच्याही नाही. आईने फोन करायला सांगितलंय हा निरोप मी तिला आत्ता जाऊन देते. आणि तुम्हाला तिच्या जिवाची भीती वाटत असेल, तिने तसं काही लिहिलं बोललं असेल, तर मला लगेच सांगा, मी या क्षणी कुणालातरी तिच्या खोलीवर पाठवते."

आई रागावली. रागावणारच. अठरा वर्षांच्या पोरीची फी आम्ही भरतो आणि आम्हालाच सांगत नाहीत, हे तिचं म्हणणं मला परकं वाटत नाही. फर्पाखाली विद्यार्थी कॉलेजला गेला की हक्क त्याचे स्वतःचे होतात, पण अपवाद आहेत: जिवाला धोका असेल तर, किंवा मुलगी टॅक्ससाठी आईवडिलांवर अवलंबून असेल तर युनिव्हर्सिटी त्यांना सांगू शकते. सांगू शकते, सांगायलाच हवं असं नाही, आणि तो निर्णय डीनच्या ऑफिसचा, हॉलमधल्या ट्रेनीचा नाही. दुसरं, ऐकून घ्यायला कुठल्याच कायद्याची बंदी नाही. आईला जे सांगायचंय ते सगळं ऐकता येतं, आणि बऱ्याचदा आईलाच आधी कळलेलं असतं की काहीतरी बिनसलंय. कोर्समध्ये "पालकांना माहिती देऊ नका" एवढंच शिकवतात, पण पालकांशी बोलायचं कसं हे कुणी शिकवत नाही, आणि आपल्या घरांत तर मूल कॉलेजला गेलं म्हणून आई बाजूला होत नसते. दोन दिवसांनी मुलीने स्वतःच आईला फोन केला. काय सांगितलं ते आम्हाला माहीत असायची गरज नाही.

मराठी समजणारी काउन्सेलर

पुढच्या मंगळवारी मुलीचा इनटेक फॉर्म सेंटरला आला. कुणाकडे यायचंय या रकान्यात तिने ट्रेनीचं नाव लिहिलं होतं, आणि कारण दिलं होतं मराठी समजतं.

इथे तास येतात. फेब्रुवारी संपत आला होता आणि ट्रेनीचे प्रत्यक्ष तास २४० च्या निम्म्याच्या आसपासच होते, डिसेंबर-जानेवारीत कॅम्पस रिकामा आणि एरवीही अपॉइंटमेंट घेऊन न येणारे कितीतरी. दर आठवड्याला नेमाने येणारी एक क्लायंट म्हणजे मेपर्यंत दहा-बारा तास. ट्रेनीने हे स्वतःहून बोलून दाखवलं, "मला ती हवी आहे, आणि त्यात तासांचाही विचार आहे, मला ते लपवायचं नाहीये." असं बोलणारी इंटर्न मिळाली की सुपरव्हिजन सोपं होतं.

तरी मी नाही म्हटलं. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या एथिक्स कोडमध्ये आधीपासून दुसरं नातं असलेल्या माणसाला क्लायंट म्हणून घ्यायच्या आधी फायदे-तोटे तोलायला सांगितलंय. इथे तोलायला फार काही नव्हतं. ट्रेनी तिच्या बिल्डिंगची अधिकारी, उद्या तिच्या खोलीत नियमभंग झाला तर हीच रिपोर्ट लिहिणार, आणि रिपोर्ट देऊन तर बसलीच होती. मग मीच का नाही घेतलं, मलाही मराठी येतं? कारण मी ट्रेनीची सुपरव्हायझर, हाउसिंगच्या बाजूने तिच्याकडून मला आधीच बरंच कळलं होतं, जे त्या मुलीने मला कधी सांगितलेलं नव्हतं. ती माझ्यासमोर बसली असती तर मला तिच्याबद्दल तिच्या परवानगीशिवाय माहीत असलेलं सगळं मनात ठेवून बसावं लागलं असतं. म्हणून एका सहकाऱ्याकडे दिली, त्याला मराठी येत नाही.

यात नुकसान झालं, आणि ते झाकायची मला गरज वाटत नाही. ती मुलगी रागात आणि भीतीत मराठीत जायची, ते तिला त्या खोलीत करता आलं नाही. योग्य निर्णयालाही किंमत असते आणि ती इथे आम्ही नाही, तिने मोजली.

त्याच आठवड्यात उलट्या बाजूने दडपण आलं. हाउसिंगच्या एका वरिष्ठांनी ट्रेनीला सहज विचारलं, ती काउन्सेलिंगला जाते ना? हेतू चांगलाच होता. पण ट्रेनी सेंटरचं शेड्यूल उघडून पाहू शकत होती, म्हणजे तिला उत्तर माहीत असू शकत होतं. मी त्याच दिवशी सॉफ्टवेअरमध्ये त्या मुलीची फाइल ट्रेनीसाठी बंद करायला लावली, म्हणजे कुणी विचारलं तर "मला माहीत नाही" हे अक्षरशः खरं ठरावं. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकला गोळीबार होऊन ३२ जण गेले, त्यानंतर जवळपास प्रत्येक कॅम्पसवर वेगवेगळ्या ऑफिसांकडची माहिती एकत्र ठेवून विचार करणारी टीम उभी राहिली, आणि ती हवीच. पण त्या बैठकीत सेंटरचा माणूस ऐकतो, बोलत नाही, विद्यार्थ्याने लेखी परवानगी दिली असेल किंवा जिवाला धोका असेल तरच बोलतो. ट्रेनीसारखी दोन्हीकडे असलेली व्यक्ती म्हणजे या भिंतीतलं भोक असतं, तिची काहीच चूक नसताना.

भारतात

हे लिहायचं एक कारण घरचं आहे. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टात सुकदेब साहा प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा असं आहे. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, आकड्यांत २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. तेव्हा नेमणुका व्हायलाच हव्यात, उद्या नाही आजच. पण माझी धास्ती ही की कॉलेज असलेल्याच कुणालातरी हे काम देईल: हॉस्टेलची रेक्टर, नाहीतर मेंटॉर असलेली प्राध्यापिका, जिच्या हातात हजेरी आणि इंटर्नल मार्क आहेत. मुलगी तिला "मॅडम, कुणाला सांगू नका" म्हणेल, त्या मायेने "नाही गं सांगत" म्हणतील, आणि संध्याकाळी प्राचार्यांनी विचारलं की? जे लोक आत्ता टिस, एसएनडीटी किंवा इतर युनिव्हर्सिट्यांमधून काउन्सेलिंग शिकून या नोकऱ्यांत जातील त्यांनी रुजू व्हायच्या दिवशीच लेखी मागून घ्यावं: माझ्याकडे बोललेलं कुणाला कळवायचं, केव्हा, आणि माझ्याकडे हजेरी-शिस्तीचं कुठलंही काम नसेल. पगाराइतकंच हे महत्त्वाचं आहे.

पुढे काय झालं

मुलीने टायटल नाइन कोऑर्डिनेटरची भेट घेतली, औपचारिक तक्रार केली नाही. संपर्कबंदीचा आदेश घेतला, एका क्लासचं सेक्शन बदलून घेतलं, आणि सेमिस्टर संपेपर्यंत माझ्या सहकाऱ्याकडे येत राहिली. ट्रेनीशी पूर्वीसारखं बोलणं बरेच दिवस नव्हतं. एप्रिलमध्ये तिने लॉबीत थांबून विचारलं की गुढीपाडव्याला केलेल्या श्रीखंडाची रेसिपी देशील का, एवढंच.

तास भरून काढायला ट्रेनीने इंटरनॅशनल विद्यार्थ्यांसाठी एक काउन्सेलिंग ग्रुप सुरू केला, माझ्याबरोबर को-लीड म्हणून, कारण ग्रुपचे तास प्रत्यक्ष तासांत धरले जातात आणि केकरेपला ग्रुपचा अनुभव हवाच असतो. तिच्या हॉलमधल्या कुणालाही त्यात घेतलं नाही. तरीही मेपर्यंत पुरे झाले नाहीत, इनकम्प्लीट ग्रेड घेऊन उन्हाळ्यात पूर्ण करावे लागले, त्यासाठी आय-ट्वेंटीची (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदाची) तारीख वाढवावी लागली आणि ओपीटी, म्हणजे पदवीनंतर इथे काम करायची तात्पुरती मुभा, पुढे गेलं. ओपीटी या शाखेला बाराच महिने, स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना मिळते ती) वाढीव मुदत नाही, आणि बऱ्याच राज्यांत लायसन्सला पदवीनंतर सुपरव्हिजनखाली साधारण ३,००० तास लागतात, म्हणजे नुसत्या ओपीटीत लायसन्स होत नाही. हे गणित इथे यायच्या आधीच करून या, अशी माझी कळकळीची विनंती.

कोर्स, हाउसिंग आणि सेंटर या तिघांनी मिळून इंटर्नशिप सुरू व्हायच्या आधी सही करायचं एक पान तयार केलं. त्यात आहे की हॉल डिरेक्टर असलेल्या इंटर्नकडे तिच्या बिल्डिंगमधला कुणीही क्लायंट म्हणून येणार नाही, त्यांच्या फाइली तिला पहिल्या दिवसापासून बंद असतील, आणि तिला कुणीही, कुठल्याही बाजूने, दुसऱ्या बाजूची माहिती विचारणार नाही. ऑगस्टच्या ट्रेनिंगमध्ये आता पहिल्या अर्ध्या मिनिटाचा सराव घेतो, म्हणजे कुणी "तुला एक सांगायचंय" म्हटलं की पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत काय बोलायचं. इंग्रजीत एकदा झालं की ज्याच्या त्याच्या भाषेत करायला लावतो, कारण ताई किंवा दीदी म्हणत कुणी दारात आलं तर पाठ केलेलं इंग्रजी वाक्य तोंडातून निघत नाही. हाउसिंगने एक मागणी मात्र मान्य केली नाही, अशा इंटर्नला दुसऱ्या वर्षी हॉलऐवजी ऑफिसमधली असिस्टंटशिप द्यावी ही, कारण हॉलला माणसं कमी पडतात. ती मागणी आम्ही या वर्षी पुन्हा टाकली आहे.